खंजिरी भजनांची सीडी: संगणकातल्याच सोयी वापरून ऑडिओ आणि डेटा डिस्क कशी राइट करावी

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरात नंदनवनला राहणाऱ्या एका भाऊंनी आपल्या काकाजींच्या मंडळाची खंजिरी भजनं मोबाइलवर रेकॉर्ड केली आहेत. ती तीन ठिकाणी द्यायची आहेत: देवळातल्या जुन्या सीडी प्लेअरसाठी, काकाजींच्या गाडीतल्या स्टिरिओसाठी, आणि एक प्रत घरी कायम जपून ठेवण्यासाठी. त्यांनी विंडोजच्या संगणकात कोरी सीडी टाकली, फाइली ओढून टाकल्या, सीडी तयार झाली. संगणकावर सगळं वाजतं, देवळातला प्लेअर मात्र 'नो डिस्क' दाखवतो. बर्डीवरच्या एका दुकानात त्यांना सांगण्यात आलं की यासाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागेल.

भाऊ, राइट करायचं सॉफ्टवेअर विकत घेऊ नका. तुमच्या संगणकात जे आहे तेवढ्यात हे काम होतं. तुमची सीडीही खराब झालेली नाही, ती फक्त वेगळ्या जातीची झाली आहे. सीडी कोण आणि कशावर लावणार, हे ती ड्राइव्हमध्ये टाकण्याआधी ठरवावं लागतं. तुमच्या तीन ठिकाणांसाठी तीन वेगळ्या प्रकारच्या सीडी लागतील. एकच सीडी तिन्हीकडे चालवण्याचा हट्ट धरलात तर एक ना एक माणूस नाराज होणार.

आधी तुमच्याकडे काय घडलं ते सांगतो. कोरी सीडी टाकून ती उघडली की विंडोज विचारतं, ही डिस्क कशी वापरायची आहे? दोन पर्याय असतात. पहिला 'लाइक अ यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह', दुसरा 'विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेअर'. बहुतेक लोक पहिल्यावरच 'नेक्स्ट' दाबून मोकळे होतात. त्या पर्यायात विंडोज सीडीला यूडीएफ पद्धतीने फॉरमॅट करतं, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या फाइली टाका, काढा, पुन्हा टाका. एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर काही न्यायचं असेल तर ठीक आहे. पण जुन्या प्लेअरला यूडीएफ कळत नाही. त्यात सीडी-आर असेल तर पुसलेल्या फाइलीची जागाही परत मिळत नाही, कारण ती एकदाच लिहिता येते, फाइल फक्त यादीतून दिसेनाशी होते. शिवाय सीडी बाहेर काढताना दर वेळी सेशन, म्हणजे लिहिण्याची एक खेप, बंद होतं आणि त्यात साधारण २० एमबी जातात. प्लेअरसाठी किंवा दुसऱ्याला देण्यासाठी सीडी करायची असेल तर हा पर्याय निवडूच नका, हे माझं ठाम मत आहे.

मग दुसरा पर्याय निवडला की देवळातला प्लेअर वाजेल का? तरीही नाही, आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. 'विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेअर' म्हटलं तरी फाइली ओढून टाकल्या की बनते ती डेटा सीडीच. एमपीथ्री वाचणारा प्लेअर ती वाजवेल. देवळातला प्लेअर जर फक्त ऑडिओ सीडीच वाजवणारा असेल, म्हणजे त्याच्यावर कुठेही एमपीथ्री लिहिलेलं नसेल, तर त्याला फाइल, फोल्डर यांतलं काहीच समजत नाही. त्याला थेट आवाज लागतो: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, डावी-उजवी अशा दोन वाहिन्या. हे माप १९८० च्या रेड बुकमध्ये, म्हणजे ऑडिओ सीडीच्या नियमपुस्तिकेत, ठरलं आणि १९८२ साली बाजारात सीडी आली तेव्हापासून प्रत्येक ऑडिओ सीडी त्याच मापाची आहे. म्हणून चाळीस वर्षांपूर्वीचा प्लेअरही तुमची आजची सीडी वाजवू शकतो, पण ती ऑडिओ सीडी म्हणून राइट झालेली हवी.

याची खूण अगदी सोपी आहे. ऑडिओ सीडी संगणकात उघडून बघा. ट्रॅक ०१, ट्रॅक ०२ अशा सीडीए नावाच्या फाइली दिसतात आणि प्रत्येकीचा आकार जेमतेम १ केबी. भजन सहा मिनिटांचं आणि फाइल १ केबीची कशी? कारण त्या खऱ्या फाइली नाहीतच. ट्रॅक कुठे सुरू होतो आणि किती लांबीचा आहे, एवढाच पत्ता विंडोज तुम्हाला फाइलच्या रूपात दाखवतं. अनेक जण या सीडीए फाइली कॉपी करून पेनड्राइव्हवर नेतात आणि मग काहीच वाजत नाही म्हणून हैराण होतात. ऑडिओ सीडीवरून गाणं संगणकात आणायचं असेल तर ते मीडिया प्लेअरमधून 'रिप' करावं लागतं, म्हणजे सीडीवरच्या आवाजाची खरी फाइल बनवावी लागते.

आता तुमची पहिली सीडी, देवळासाठी. विंडोज ११ मध्ये जो नवा मीडिया प्लेअर आहे तो बाजूला ठेवा, त्यात सीडी राइट करायची सोय नाही. स्टार्टच्या शोधात 'विंडोज मीडिया प्लेअर लेगसी' लिहा, जुना प्लेअर उघडेल. विंडोज १० मध्ये तो साध्या 'विंडोज मीडिया प्लेअर' नावाने सापडतो. लायब्ररीच्या दृश्यात उजव्या वरच्या कोपऱ्यात 'बर्न' हा टॅब आहे. त्याच्या पर्यायांच्या छोट्या चिन्हावर क्लिक करून 'ऑडिओ सीडी' निवडलेली आहे ना, ते आधी बघा. तिथेच 'डेटा सीडी ऑर डीव्हीडी' हाही पर्याय असतो. मग भजनं क्रमाने त्या यादीत ओढा. वर किती मिनिटं शिल्लक आहेत ते दिसत राहतं. कोऱ्या सीडीवर ८० मिनिटं मावतात, काही जुन्या सीडींवर ७४. इथे एमबी मोजू नका, मिनिटंच मोजा. फाइल एमपीथ्री असो की आणखी काही, सीडीवर जाताना ती पूर्ण उलगडते आणि मिनिटाला साधारण १० एमबी जागा घेते. एका सीडीवर ट्रॅक जास्तीत जास्त ९९, पण भजनांच्या बाबतीत ती मर्यादा येणार नाही, वेळच आधी संपेल.

'स्टार्ट बर्न' दाबण्याआधी पर्यायांमधल्या तीन गोष्टी नक्की बघा. वेग 'फास्टेस्ट' असेल तर 'मीडियम' करा. डब्यावर ५२ एक्स, म्हणजे वाजण्याच्या ५२ पट वेग, लिहिलेलं असतं, पण जुन्या प्लेअरसाठी १६ ते २४ एक्सवर राइट केलेली सीडी जास्त भरवशाची असते. अगदी कमी वेगही नको, कारण आजच्या सीडींचा रंगथर (ज्यावर माहिती लिहिली जाते तो रंगाचा थर) वेगात लिहिण्यासाठीच बनवलेला असतो. १६ एक्सने पूर्ण ८० मिनिटांची सीडी पाचेक मिनिटांत होते, त्यामुळे घाई करून वाचतं काहीच नाही. दुसरी गोष्ट, 'अप्लाय व्हॉल्यूम लेव्हलिंग' ही टिक काढून टाका. सिनेमातली गाणी वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा केलेली असतील तर ती उपयोगाची आहे. भजनाच्या बैठकीत मात्र आवाजाचा चढउतार हाच जीव असतो. सुरुवातीचं ध्यान हळू आणि शेवटची चाल खंजिरीच्या पूर्ण जोरात, हे सगळं एका पातळीवर आणून ठेवू नका.

तिसरी गोष्ट 'बर्न सीडी विदाउट गॅप्स'. ही टिक असू द्या. नसेल तर दर दोन ट्रॅकमध्ये दोन सेकंदांची शांतता येते. स्टुडिओत वेगवेगळी रेकॉर्ड केलेली गाणी असती तर चाललं असतं. तुमचं रेकॉर्डिंग सलग बैठकीचं आहे, एका भजनाचा शेवट होताहोता कुणीतरी जयजयकार करतं आणि पुढचं भजन उचललं जातं. तिथे मधेच आवाज तुटला तर काकाजींच्या ते पहिल्याच खेपेला लक्षात येईल.

इथे जरा थांबतो, कारण टिक असूनही जोडावर बारीक खट असा आवाज येतो अशी तक्रार नेहमी असते. त्याची दोन कारणं. एक, एमपीथ्री फाइलच्या आगेमागे अगदी थोडी शांतता आपोआप जोडली जाते; ती त्या पद्धतीच्या रचनेतच आहे. म्हणून सलग रेकॉर्डिंगचे तुकडे एमपीथ्रीमध्ये कधीच करू नका, वेव फाइलमध्ये, म्हणजे न दाबलेल्या आवाजाच्या फाइलीत, करा. दुसरं कारण फार कमी लोकांना ठाऊक असतं. ऑडिओ सीडीवर एक सेकंद ७५ भागांत विभागलेला असतो आणि ट्रॅकची सीमा या भागांच्या कडेवरच पडू शकते. एका भागात ५८८ नमुने बसतात. तुम्ही भलतीकडेच कापलंत तर उरलेला शेवटचा भाग शून्यांनी भरला जातो, आणि तोच खटका कानाला लागतो. हे कापायचं काम विंडोजमधल्या सोयींनी होत नाही, त्यासाठी ऑडासिटी हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. त्यात 'स्नॅप'च्या यादीत 'सीडीडीए फ्रेम्स' असा पर्याय आहे. तो लावून प्रत्येक भजनाच्या सुरुवातीला लेबल टाका आणि सगळे तुकडे एकदम वेवमध्ये एक्सपोर्ट करा, ४४,१०० हर्ट्झ आणि १६ बिट ठेवून. मोबाइलची एमफोरए फाइल ऑडासिटीत उघडायला एफएफएमपेग नावाची जोड बसवावी लागते, तीही फुकट आहे.

आणि एक विनंती. मंडळातल्या कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं रेकॉर्डिंग वापरू नका. व्हॉइस मेसेज म्हणून आलेला आवाज खूप दाबलेला असतो. सीडीवर घातल्याने त्याचा दर्जा वाढत नाही. ज्या मोबाइलवर रेकॉर्ड झालं त्यातूनच केबल लावून मूळ फाइल काढा.

देवळासाठी सीडी-आरच घ्या, सीडी-आरडब्ल्यू नको. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडीवरून प्रकाश फारच कमी परावर्तित होतो आणि बरेच जुने प्लेअर ती ओळखतच नाहीत. ऑडिओ सीडी एका दमातच पूर्ण करायची. त्यात नंतर आणखी दोन भजनं घालू असं मनात असेल तर ते सोडून द्या.

आता गाडी. गाडीतल्या स्टिरिओच्या पट्टीवर एमपीथ्री किंवा डब्ल्यूएमए लिहिलं आहे का बघा. लिहिलं असेल तर तुमचं काम सोपं आहे. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्री फाइली केल्या तर ७०० एमबीत बारा तासांच्या आसपास भजनं मावतात. अमरावतीला जाऊन मोझरीमार्गे परत आलात तरी संपायची नाहीत. खंजिरीचा आणि टाळांचा आवाज १२८ वर फाटल्यासारखा वाटतो, म्हणून मी १९२ सांगेन. तरीही आठ तास निघतात. ही डेटा सीडी. कोरी सीडी टाका, या वेळी 'विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेअर' निवडा, फाइली ओढा. त्या लगेच लिहिल्या जात नाहीत. 'फाइल्स रेडी टू बी रिटन टू द डिस्क' अशा ओळीखाली फिकट दिसत राहतात. विंडोजने त्या हार्डडिस्कवर एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवलेल्या असतात. बरेच जण इथेच काम झालं समजून सीडी काढून घेतात आणि ती कोरीच निघते. ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'बर्न टु डिस्क' म्हणा, किंवा विंडोज १० मध्ये वरच्या पट्टीतलं 'फिनिश बर्निंग' दाबा, तेव्हा कुठे खरं लिहिणं सुरू होतं.

नावांचं मात्र सांभाळा. फाइलीला देवनागरीत नाव दिलं तर संगणकावर ते नीट दिसतं. गाडीतल्या स्टिरिओवर त्याच नावाच्या जागी चौकोन दिसतात, काही स्टिरिओ ती फाइल सोडूनही देतात. इंग्रजी अक्षरांत छोटी नावं द्या आणि सुरुवातीला ०१, ०२ असे आकडे टाका, तेही इंग्रजीच. बरेच स्टिरिओ नावाच्या क्रमाने वाजवतात. आकडा नसला तर समारोपाची प्रार्थना पहिल्यांदा वाजेल.

तिसरी सीडी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: घरी जपून ठेवायची. लोक सहसा म्हणतात, ऑडिओ सीडी केलीच आहे, तीच ठेवू. तसं करू नका. दोन्ही सीडी दिसायला सारख्या असल्या तरी आत फरक आहे. ८० मिनिटांच्या सीडीवर एकूण ३,६०,००० सेक्टर असतात. ऑडिओ सीडीत प्रत्येक सेक्टरमधले २,३५२ च्या २,३५२ बाइट आवाजालाच दिलेले असतात. डेटा सीडीत त्यातले २,०४८ बाइटच तुमच्या फाइलीला मिळतात, बाकीचे ३०४ बाइट जागेची खूण आणि चूक दुरुस्त करण्याची माहिती यांत जातात. ८०० एमबीची वेव ७०० एमबीच्या सीडीवर ऑडिओ म्हणून बसते आणि डेटा म्हणून बसत नाही, त्याचं कारण हेच. चरा पडला की ऑडिओ प्लेअर आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाजाने मधला आवाज भरून काढतो. ऐकायला चालतं, पण तो मूळ आवाज राहत नाही. डेटा सीडीत त्या राखीव बाइटांवरून मूळ माहिती पुन्हा तंतोतंत मिळवता येते, किंवा मग फाइल वाचता येत नाही असं स्पष्ट कळतं. जपून ठेवायच्या गोष्टीला अंदाज चालत नाही.

म्हणून मोबाइलमधल्या मूळ फाइली जशाच्या तशा, काहीही न बदलता, डेटा डिस्क म्हणून लिहा. डेटा जास्त असेल तर डीव्हीडी-आर घ्या. तिच्यावर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, विंडोजमध्ये मात्र ४.३७ च दिसतात. यात फसवणूक नाही. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १,०२४ ने. भजनांसोबत एक साधी टेक्स्ट फाइल टाका: तारीख, जागा, कोण गायलं, खंजिरी कुणाची, पेटी कुणाची. तीस वर्षांनी ती डिस्क उघडणाऱ्याला आवाजाइतकीच ही माहिती मोलाची वाटेल.

लिहून झाल्यावर तपासणं टाळू नका. डिस्क बाहेर काढा, पुन्हा टाका, शक्य असेल तर दुसऱ्या संगणकात टाका, आणि फाइली नुसत्या दिसतात का ते न बघता वाजवून बघा. याहून पक्कं हवं असेल तर पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, गेट-फाइलहॅश (Get-FileHash) ही आज्ञा मूळ फाइलीवर एकदा आणि डिस्कवरच्या फाइलीवर एकदा चालवा. दोन्हीकडे तोच लांबलचक आकडा आला तर प्रत तंतोतंत आहे. सिव्हिल लाइन्समधल्या वकील मंडळींकडून सीडीबद्दल विचारणा येते तेव्हा मी हाच आकडा, म्हणजे हॅश, आधी काढायला सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्याच्या नमुन्यात हॅशसाठी जागाच ठेवलेली आहे. भजनांना प्रमाणपत्र नको, पण पद्धत तीच वापरा.

आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलीत साठवलेली प्रत, असेल तर तिच्यावर राइट क्लिक करून 'बर्न डिस्क इमेज' म्हणायचं. विंडोज ११ मध्ये ते 'शो मोअर ऑप्शन्स'च्या आत आहे. ही सोय विंडोज ७ पासून आहे आणि तिच्यात लिहिल्यावर तपासण्याची टिकही आहे, ती जरूर लावा. आयएसओ फाइल साध्या फाइलीसारखी डिस्कवर ओढू नका. मंडळातल्या कुणाकडे मॅक असेल तर त्याला बाहेरचा यूएसबी ड्राइव्ह लागेल. मग म्युझिक अॅपमध्ये प्लेलिस्ट करून 'बर्न प्लेलिस्ट टु डिस्क', आणि डेटासाठी फाइंडरमध्ये फोल्डरवर राइट क्लिक करून 'बर्न टु डिस्क'. लिनक्सवर ब्रासेरो किंवा केथ्रीबी, दोन्ही चांगले आहेत. बैठकीचा व्हिडिओ डीव्हीडीवर घालून जुन्या टीव्हीच्या प्लेअरला लावायचा असेल, तर ते मात्र आजच्या विंडोजमध्ये नाही. ते काम करणारा डीव्हीडी मेकर विंडोज ७ नंतर काढून टाकला आहे.

आता हाताळणीचं, कारण बऱ्याच चांगल्या सीडी यातच मरतात. सीडीची चमकदार खालची बाजू सगळे जपतात आणि वरच्या बाजूवर बिनधास्त बॉलपेनने लिहितात. सीडीत परावर्तक थर वरच्या बाजूला असतो, लेबलखाली जेमतेम लाखेचा पातळ लेप. खालच्या चऱ्याच्या आणि माहितीच्या मधे सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लास्टिक आहे, वरच्या चऱ्यापासून वाचवायला काहीच नाही. पाण्याच्या शाईचा मऊ टोकाचा मार्कर वापरा, तोही शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर. कागदी स्टिकर लावू नका. तो एका बाजूने सुटला तर थरही ओढून नेतो आणि फिरताना तोल जातो. डीव्हीडीत माहितीचा थर दोन चकत्यांच्या मधे असतो, म्हणून ती या बाबतीत थोडी सुरक्षित.

आणि नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापतं. राइट केलेल्या सीडीत सेंद्रिय रंगाचा थर असतो, उष्णता आणि ऊन दोन्ही त्याचे शत्रू. गाडीतली सीडी ही संपणारी वस्तू समजा, उन्हाळ्यानंतर नवी करून द्या. घरातली डिस्क डबीत उभी ठेवा, कूलरच्या ओलसर हवेपासून दूर, आणि तिचीच एक प्रत दुसऱ्या नातेवाइकाच्या घरी ठेवा. एकच प्रत असेल तर तिला जपून ठेवलेली म्हणता येत नाही.

लिहिताना मधेच काम फसलं तर आधी संगणकाला दोष देऊ नका. बाहेरचा यूएसबी ड्राइव्ह लिहिताना जास्त वीज ओढतो. तो हबला लावला असेल तर काढून थेट संगणकाला लावा, डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला.

एवढं करूनही देवळातला प्लेअर 'नो डिस्क' म्हणालाच, तर त्याला बाजारातून विकत घेतलेली कुठलीही छापील ऑडिओ सीडी लावून बघा. ती वाजली आणि तुमची नाही वाजली, तर दुसऱ्या कंपनीच्या कोऱ्या सीडीवर त्याच यादीची ऑडिओ सीडी पुन्हा करा; जुन्या प्लेअरचं प्रत्येक रंगथराशी जमतंच असं नाही. छापीलही वाजली नाही, तर उदबत्तीच्या आणि कापराच्या धुराने लेन्सवर पुट चढलं असणार. प्लेअर उघडून मऊ कापसाच्या काडीला किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून लेन्स हलक्या हाताने पुसा, पंधरा मिनिटं सुकू द्या आणि मग काकाजींची सीडी लावा.